पानावर आडवे धरलेले हात

ठाणे, आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८१४

प्रिय उत्तराताई,

तुझ्या पुनर्विवाहाच्या तसबिरी अखेर तयार झाल्या. काचेवरचे चित्र कागदावर उतरायला ऊन लागते, म्हणून आपला श्रीपाद सबंध पावसाळा चरफडत होता. भाद्रपद सरता सरता ऊन पडले आणि त्याने माडीच्या खिडकीत चौकटी मांडल्या. भाऊ म्हणून कौतुक करत नाही, पण असल्या तसबिरी मी पाहिल्या नव्हत्या. एरवी तसबीर म्हणजे मान ताठ, हात गुडघ्यांवर, चेहरा कोर्टात साक्षीला उभे केल्यासारखा. हा मात्र कल्याणच्या त्या मांडवात पेटी काखेत धरून हिंडत होता आणि लोकांना वाटले, औषधांची पेटी. भावजींच्या आत्याबाई त्याच्याकडे खोकल्याची पुडी मागत होत्या ना? तशाच आल्या आहेत, हात पुढे करून. भावजींकडे चोरून पाहणारी तूही आली आहेस. ती तसबीर मी आईपासून लपवली होती. तिने शोधून काढली आणि आता उशीखाली ठेवते.

एक तसबीर पंगतीची आहे. भावजी जिलब्यांचे ताट घेऊन वाकले आहेत आणि नाना दोन्ही हात पानावर आडवे धरून हसत आहेत. तुझे कुंकू पुसले गेले, त्यानंतर नानांना असे हसताना मी पाहिले नव्हते. श्रीपादने ती हौसेने ओटीवर लावली. ती शेजाऱ्यांनी पाहिली आणि परशुरामपंत जातीतली चार माणसे घेऊन आले.

तुला ठाऊकच आहे, फक्त अक्षता टाकून येतो, पंक्तीला बसत नाही, असे नाना पंतांना सांगून निघाले होते. परतल्यावर कुणी विचारले नाही, नानांनी सांगितले नाही. आता विचारले. मी नवरात्रासाठी माहेरीच होते, दाराआड उभी. नाना वाळीत पडले तर भटजी येणार नाहीत आणि माझ्या सासरचे मला या घराचा उंबरा ओलांडू देणार नाहीत, एवढेच डोक्यात येत होते.

श्रीपाद म्हणाला, "पंत, नीट बघा तरी. नाना नको म्हणताहेत." पंतांनी चष्मा लावला. ते मनाने वाईट नाहीत गं, त्यांनाही वाट हवीच होती. म्हणाले, "खरेच की, हात आडवे आहेत! नानासाहेब, आपण घेतले नाही, एवढे एकदा म्हणा, आम्ही उठतो."

ताई, मी त्या क्षणी नवस बोलले. ज्यांनी मला पाटीवर अक्षरे गिरवून दिली, त्यांनी खोटे बोलावे म्हणून नवस! तो फेडायचा नाही हे बरे, पण बोलले हे खरे.

नाना तसबिरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अहो पंत, हे नको सहाव्या जिलबीला आहे. पाच पोटात गेल्यावरचे."

पंतांबरोबरचे एक गृहस्थ हसले आणि लगेच गप्प झाले. जाताना मात्र आईने पुढे केलेल्या तबकातला विडा कुणी उचलला नाही.

तुला वाईट वाटेल म्हणून हे मी कळवणारच नव्हते. पण काल नाना स्वतः तुला लिहायला बसले, मायना लिहिला आणि उठले. मला म्हणाले, "तूच लिही, माझे अक्षर आज नीट येत नाही." म्हणून त्यांच्या वतीने लिहिते : दिवाळसणाला तुम्ही दोघांनी ठाण्यास यावे. जावयाचा पहिला सण आहे. लोक काय म्हणतील म्हणून आजवर बोलावले नव्हते. आता लोकांचे म्हणून झाले आहे. मी सासरी जाऊन मामंजींची परवानगी काढणार आहे. देवदर्शनाला जाते असे सांग, असे आई सुचवते. मी मात्र बहिणीला भेटायला जाते, असेच सांगणार. नाही म्हणाले तर पुन्हा विचारीन. तू ये.

तुझीच,
कलावती