कारंज्याभोवतीच्या टाचण्या

ती. मामांस,

चिमणीचा वाकून नमस्कार. मी खुशाल, आईही खुशाल (गुडघे सोडून). मामी आणि नातवंडं मजेत असतील असं धरून चालते, कारण पुढचं सांगायची मला भयंकर घाई झाली आहे.

मामा, तुमच्या भाचीने साथ पकडली! चोर पकडतात तशी!

तुम्ही लेकीकडे जायला आणि इथे तापाची साथ यायला एकच गाठ पडली. साधा ताप नव्हे, चांगली धडधाकट माणसं न्यूमोनिया होऊन इस्पितळात. आमच्या आरोग्य अधिकारी बाईंनी मला भिंतभर नकाशा आणि टाचण्यांची डबी दिली. दर रुग्णामागे एक टाचणी. मान मोडेस्तोवर लावल्या, आणि बघते तर सगळ्या टाचण्या तीनच ठिकाणी गोळा! मी बाईंना अक्षरशः ओढत आणलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अगं, हे तिन्ही दवाखाने आहेत."

(मी रुग्णांऐवजी त्यांच्या डॉक्टरांचे पत्ते घेतले होते. शिपाईदादा अजून हसताहेत.)

मग घरांचे पत्ते घेतले, तर टाचण्या सांडलेल्या मोहरीसारख्या गावभर. तेव्हा डोक्यात आलं, आजारी पडण्याआधी ही माणसं जात कुठे होती? दारोदार फिरले. शिंपी, बँकेचा पहारेकरी, गणिताच्या बाई, सगळे सकाळी बागेत फिरायला! मी हवेतच होते, तोवर एका आजींनी मला जमिनीवर आणलं. त्यांनाही तोच ताप, पण त्या कित्येक वर्षांत जिना उतरलेल्या नाहीत. तोंड पाडून त्यांच्याकडे गेले.

"मी कुठे जाणार बाई? या गॅलरीत बसते. सकाळी गार तुषार येतात अंगावर, बरं वाटतं."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली बागेतलं कारंजं! मामा, अंगावर काटा आला. मी आजींना मिठीच मारली (त्या घाबरल्या).

आता कारंजं म्हणजे तुमचंच. वर्षानुवर्षं बंद होतं ते तुम्ही सगळ्यांच्या सह्या गोळा करून सुरू करवलंत. पण टाकीतलं जुनं, कोमट, शेवाळलेलं पाणी कुणी बदललंच नाही. तपासणीत त्यातच जंतू सापडले, तेच तुषारांबरोबर छातीत जात होते. कारंजं बंद केलं. काल एकही नवी टाचणी लागली नाही! आजी तर पुन्हा सुनेवर ओरडूही लागल्या, म्हणजे ठणठणीत.

तुमची,
चिमणी

ता. क. : तुमच्यावर कुणीही रागावलेलं नाही. टाकी धुणं आमच्याच कचेरीचं काम होतं.

आणखी एक ता. क. : पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं. मामी म्हणाल्या, तुम्ही तापाने फणफणताय, खोकताय, आणि प्रवासाची दगदग म्हणून अंगावर काढताय. फोनवर डॉक्टरांचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता. मामा, कारंज्यालगतच्या बाकावर रोज तुम्हीच बसायचात. औषध आहे, लागूही पडतं, पण उशीर नको. डॉक्टरांना हे पत्रच दाखवा. पत्र घेऊन आलेले टॅक्सीवाले दारातच उभे आहेत. मामांना गाडीत बसवल्याशिवाय हलायचं नाही, असं मी त्यांना बजावलंय. चपला घाला.