काकांच्या पायाचं माप

३ फेब्रुवारी
आईचा फोन. परदेशातून धावायचे बूट पाठवतेय! नंबर सांगून चालणार नाही म्हणे — "कंपनीगणिक नंबर बदलतो. कागदावर पाय ठेव, पेन्सिल उभी धर. आणि संध्याकाळी काढ गं, दिवसभरात पाय फुगतात." लोकांच्या म्हातारीला सांभाळता सांभाळता अर्धी डॉक्टर झालीय.

४ फेब्रुवारी
इथे मावशीकडे काका जेवून आडवे झाले की कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाहीत. वहीचं पान त्यांच्या तळव्याला लावलं, पेन्सिल फिरवली. एका पानात मावेना! दोन चिकटवली. मधेच लाथ मारली त्यांनी, पण घोरणं चालूच. खाली लिहिलं — "तुझ्या लाडक्या लेकीचा पाय." आणि टाकलं पोस्टात.
आई हसून लोळेल. मग ओरडेल. चांगली दहा मिनिटं ओरडेल. एरवी चारच मिनिटं बोलते, तेवढ्यात म्हातारी हाक मारते. मे महिन्यात काँट्रॅक्ट संपलं की येणार आहे, तोवर असंच.

१२ फेब्रुवारी
अजून पोचलं नाही.

२० फेब्रुवारी
पोचलं. आई हसली नाही. रडली!
"केवढी मोठी झालीस गं! तीन वर्षांत एवढा पाय?"
मी तोंड उघडणार तर म्हातारीची हाक. फोन बंद.
खरंच वाटलं तिला! काकांचा तो फताडा पाय, आणि तिला वाटलं माझा. फोनमध्ये मी गळ्यापर्यंतच दिसते. त्याच्या खाली मी केवढी आहे, तिला काय माहीत.

२१ फेब्रुवारी
आज कुणाची खोडी काढली नाही. मावशीने कपाळाला हात लावून ताप बघितला.

९ मार्च
बूट आले. निळेशार. नऊ नंबर! माझा पाच.
दोन-दोन मोजे घातले, पुढे चिंध्या कोंबल्या. पाऊल उचललं की टाच वर येते, बूट खालीच. मैदानावर सर म्हणाले, "बूट घातलेस की बुटात बसलीस?" पोरी फिदीफिदी हसल्या. मी सगळ्यांत मोठ्याने. दुसऱ्या फेरीत घोटा जरासा मुरगळला. रविवारी सिलेक्शन. सर म्हणाले, पायाच्या मापाचे बूट नसतील तर येऊच नकोस.

१० मार्च
काकांना सगळं सांगितलं. वाटलं, आता धपाटा. तर त्यांनी बूट पायात घातले — फिट्ट! ऐटीत दारापर्यंत जाऊन आले. मग काढून माझ्यापुढे ठेवले.
"आईला सांगितलंस?"
"नाही."
"मग मला काय सांगतेस?"

११ मार्च
संध्याकाळी काकांनी दुकानात नेलं. तिथल्या बाईने दोन्ही पाय मोजले. डावा जरा मोठा निघाला. "मोठ्याचं माप धरायचं." मला उभं केलं, बोटांच्या पुढे स्वतःचा अंगठा दाबून बघितला — एवढी जागा हवी. टाच सुटायला नको. मग दुकानातच पळायला लावलं, आरशापर्यंत तीनदा.
खाली बसून तिने माझा पाय हातात धरला होता. मी हललेच नाही.
"तळवे सपाट आहेत तुझे. मधे आधार असलेला बूट घे. आईचे पण असेच आहेत का?"
माहीत नाही, म्हटलं.

१५ मार्च
तिसरी आले! टीममध्ये घेतलं. आईला सांगायचं तर आधी बुटांचं सांगावं लागेल. नाही सांगितलं.

१६ मार्च
सांगितलं.
आईने सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "दुकानदार म्हणत होता, बाई, हा पुरुषाचा पाय आहे. भांडले मी त्याच्याशी. म्हटलं, माझी मुलगी मला ठाऊक, तू नको शिकवूस!"
मी सॉरी म्हटलं. तीनदा.
"मग खरा केवढा आहे?"
"पाच नंबर."
"पाच," म्हणाली. मग परत, "पाच."
म्हातारीने हाक मारली. आई चक्क तिला म्हणाली, थांबा जरा! अकरा मिनिटं बोललो. मे महिन्यात आले की कान पिळते म्हणाली. पीळ म्हटलं.

२३ मार्च
आईचा फोन. ते निळे बूट काकांना देऊ नकोस म्हणाली. काँट्रॅक्ट आणखी तीन वर्षं वाढवलंय तिने. "तोवर होतील तुला."
होतील, म्हटलं.