ब्रेकचं लॉक

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे, कंबरेचा पट्टा अजून काही दिवस लावायचाय. तुझी आई ठीक. माझ्याशी कामापुरतं बोलते. तिथे तुझं शिबिर नीट चाललं असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय.

काल जावईबापू दिसले. ज्या वर्कशॉपमध्ये ते ग्लायडरची देखभाल करायचे, त्याच्याच फाटकाबाहेर उभे होते, आत जायला बंदी असल्यासारखे. चौकशीपासून बंदीच आहे म्हणा. मी मान फिरवून पुढे गेलो.

ठमे, मी ग्लायडर घेऊन पडलो त्या दिवशी ब्रेकचं लॉक सुटलं नव्हतं. मी ते लावलंच नव्हतं.

मला एकट्याने उडायची परवानगी तू देत नव्हतीस. "बाबा, तुम्ही उडण्याआधीची तपासणी नुसती पाठ म्हणता, हात लावून बघत नाही," म्हणायचीस. लेक आपल्याला शिकवते याचं कौतुक होतं, तसा रागही होता. तू शिबिराला गेलीस आणि मी दुसऱ्या शिक्षकाच्या मागे लागून परवानगी मिळवली.

आत बसून तपासणी सुरू केली. तेवढ्यात पंख धरायला आलेला कॅन्टीनवाला वाकून म्हणाला, "डॉक्टर, दाढ फार ठणकतेय हो. काढावीच लागेल का?"

जन्मभर दात काढलेला माणूस मी. त्याला तिथेच आ करायला लावलं. मग तपासणी कुठवर आली होती तेच आठवेना. मध्ये कोणी बोललं तर परत पहिल्यापासून, हा तुझा नियम आठवत होता. पण मागे दोघं ताटकळले होते, ग्लायडर वर खेचायची दोरी अडकवणारा कडी हातात घेऊन उभा होता. म्हाताऱ्याला पुन्हा पहिल्यापासून करावं लागतंय, हे चारचौघांत दिसायला नको होतं. मी अंगठा वर केला.

दोरीने ओढल्याबरोबर पंखांवरचे ब्रेक आपोआप उघडले. ग्लायडर चढेचना. घाबरून दोरी सोडली आणि धाडकन खाली आलो.

प्रथमोपचाराच्या खोलीत क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं, "ब्रेक लॉक केले होते?"

"केले होते. खट्ट आवाज ऐकला मी."

जावईबापू माझ्या डोक्याखाली उशी सरकवत होते. हात थांबले. माझ्याकडे पाहिलं, उशी नीट केली आणि बाहेर गेले. चौकशीतही "सकाळी मी लॉक तपासलं होतं" एवढंच बोलले. माझ्याविरुद्ध अवाक्षर नाही. दोष त्यांच्यावर गेला आणि मी गप्प राहिलो.

आज सेक्रेटरींच्या घरी जाऊन खरं सांगितलं, लिहून दिलं. जावईबापू उद्यापासून कामावर. मला मैदान कायमचं बंद, ते योग्यच.

तिथून तुमच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"बाबा," ते म्हणाले, "रोज झोपेत मी ते लॉक उघडून बघतोय. मलाच वाटायला लागलं होतं, त्या दिवशी आपण नीट बघितलं नसणार."

मी त्यांना हात जोडले. परत आलो.

पत्र मिळताच त्यांना फोन कर. माझा नाही उचललास तरी चालेल.

चांगल्या माणसाला स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावणारा,

तुझा बाप