काळीची पिल्लं आणि रिकामी ढोली

४ डिसेंबर २००९, शुक्रवार. एकोडी.
सुमन सकाळच्या गाडीने गोंदियाला गेली. मायाचे दिवस भरत आलेत. आपली पोरगी तिथेच नांदते, पण आमचा आणि त्यांचा जिल्हा वेगळा झाल्यापासून उगाच परक्या मुलखात दिल्यासारखं वाटतं.
बसमध्ये पाय ठेवताना सु. म्हणाली, "मायाचे बाबा, पिल्लं मले जशीच्या तशी पायजेत." मी काय खावं, कुठे झोपावं, याबद्दल अक्षर नाही.
तिचं म्हणणंही खरं. लग्नात सासूबाईंनी कारध्याहून एक काळी तलंग कोंबडी थैलीत घालून दिली होती. तेव्हापासून आमच्या अंगणात तिच्याच वंशाची एक तरी काळी कोंबडी असतेच. सासूबाई गेल्या, कारध्याच्या घराला कुलूप. माहेर म्हणून सु.कडे उरलं ते हे एवढं, दाणे टिपत हिंडणारं. यंदाच्या काळीची सात पिल्लं. सहा तपकिरी, एकच काळं.

५ डिसेंबर
वाईट झालं. काळीला रानमांजराने नेलं. कुंपणाशी पिसं. पिल्लं टोपलीखाली होती म्हणून वाचली.
दिवसभर डोकं चालवलं. मागच्या खोलीत धानाची ढोली रिकामी उभी आहे, नवं धान अजून खळ्यावरच. बांबूची, शेणामातीने लिंपलेली, माझ्या छातीएवढी उंच. मांजराच्या बापाला चढता येणार नाही. तळाला धानाचा कोंडा घातला, जाड, उबेसाठी. पिल्लं आत. वरून सूप झाकलं, सुपावर गोणपाट.
स्वतःवरच खूश आहे.

६ डिसेंबर
विहारात जाऊन आलो. मेणबत्त्या, पांढरे कपडे, सगळं गाव हळू बोलत होतं.
दुपारी खाटेवर पडलो तर ढोलीतून चिवचिव. डोळे मिटून ऐकत राहिलो. धानच बोलायला शिकलं, असं वाटलं. मग सासूबाई दिसल्या, वैनगंगेच्या काठी, ओच्यात काहीतरी काळं हलणारं. "घ्या जावईबापू," म्हणाल्या. मी हात पुढे केला आणि जाग आली.
नोकरीभर तलावाच्या गेटवर बसून पाणी पाहिलं. त्याने माणूस असाच होतो, अर्धा इथे, अर्धा पाण्यात.

८ डिसेंबर
सु.चा फोन.
"पिल्लं कशी हायेत?"
"मजेत."
"अन् काळी?"
"हिंडून रायली अंगणात."
फोन ठेवल्यावर अंगणात जाऊन उभा राहिलो. उगाच.

१० डिसेंबर
दोनतीन दिवस नुसतं सूप किलकिलं करून दाणापाणी आत सोडत होतो. आज झाकण पुरतं काढलं. असा वास नाकात गेला की माझेच डोळे झोंबले. पुन्हा झाकलं. थंडी आहे ना बाहेर.
एक पिल्लू डोळा मिटून उभं. झोप आली असेल म्हटलं, आपल्यावर गेलं. संध्याकाळी बघतो तर आणखी तिघांचं तसंच. पापण्या फुगलेल्या, कडेला फेस. काळ्याचे दोन्ही बंद.
शेजारच्या देवका वहिनी डोकावल्या. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली आहे. म्हणाल्या, "भाऊ, लेकराचे डोळे आले का आपण आईचं दूध टाकतो, तसं टाका. मागू का सुनेले वाटीभर?" मी नको नको म्हणत घरात पळालो. मागून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

११ डिसेंबर
एक तपकिरी गेलं. पाण्याच्या वाटीला टेकूनच पडलेलं होतं. पाणी चोचीपासून बोटभर, पण दिसेल तर पिईल ना. फार लागलं मनाला.
काळ्याला रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि बसने साकोलीला. वाटभर छातीशी धुगधुगत होतं. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर पोरगेलेसे, चांगले. डोळा पाहिला, मग विचारलं, "काका, ठेवता कुठं यांना?"
"ढोलीत."
"झाकून?"
"झाकून."
त्यांनी पेन खाली ठेवला. "काका, ते धान नाही. जिवंत आहेत ते. श्वास घेतात, हगतात. खाली कोंड्याची धूळ, वर विष्ठेची वाफ, वाऱ्याला वाट नाही. डोळे जातील नाही तर काय होईल?"
आयुष्यभर ढोलीत धानच ठेवलं, झाकायचं म्हणजे पक्कं झाकायचं, एवढंच हाताला ठाऊक. मांजर आत येऊ नये म्हणून हवाही येऊ दिली नाही.
डोळ्यात घालायचा मलम दिला.

१२ डिसेंबर
ढोली रिकामी. पिल्लं ओसरीवर, खाली कोरडं तणस, वरून दोन मोठ्या टोपल्या, त्यांच्यावर दगड. आजारी एकीकडे, धड एकीकडे. आधी धड असलेल्यांचं दाणापाणी, मग आजाऱ्यांचं. मग साबणाने हात.
डॉ.नी सांगितलं तसं: पाणी उकळून कोमट करायचं, चिमूटभर मीठ. कापूस भिजवून डोळ्यावर नुसता धरून ठेवायचा. खपली भिजली की आतून बाहेर हलकेच पुसायचं. दुसऱ्या डोळ्याला दुसरा कापूस. ओढायचं नाही. मग मलम, बारीक. आंधळ्याची चोच आपणच पाण्यात टेकवायची. मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला बारीक चिरून दाण्यात.
तलावाच्या गेटचं लोखंडी चाक फिरवलेली माझी बोटं. पापणी केवढी, तर भाताच्या शितापेक्षा लहान.

१४ डिसेंबर
दोन तपकिऱ्यांचे डोळे उघडले! कापूस बाजूला केला आणि आत एक ओला, चकचकीत मणी. त्यात मी, मुनग्याचं झाड, आभाळ. किती वेळ पाहत बसलो.
काळ्याचे नाही. तळहातावर घेऊन उन्हात बसतो. ते झोपतं, मीही झोपतो. तलाव दिसतो, सकाळचं धुकं असलेला, आणि पाण्यावरून काळ्या कोंबड्या ओळीने चालत येतात, पाय न भिजवता. जागा होतो तेव्हा ते हातातच असतं.
हे वाचलं नाही तर सु.ला काय सांगू?

१५ डिसेंबर
नात झाली. मायाची तब्येत बरी. देवका वहिनींना साखर दिली. सु. इतकी खुशीत की पिल्लांचं विचारायचंच विसरली. सुटलो.

१७ डिसेंबर
फोन. सु.चा आवाज बारीक. "बाळाचा डोळा चिकटून रायला. डॉक्टरनं पायलं, भ्याचं काई नाई मनते, कापसानं पुसा मनते. पर माह्या हात कापते. इतकुसा डोळा…"
मी बोलून गेलो, "उकळलेलं पाणी कोमट कर. कापूस आधी नुसता धरून ठेव, भिजू दे. मंग आतून बाहेर. ओढू नको. एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याले लावू नको."
"मायाच्या टायमाले तुमी तिले आंघोळ घालतानासुद्धा उभे रायले नाई. तुमाले हे कोनं शिकवलं?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"मायाचे बाबा. पिल्लायले काय झालं?"
सांगितलं. रानमांजर, ढोली, सगळं. काळी गेली हेही. ती रडली नाही. "ठेवते," म्हणाली.

१८ डिसेंबर
फोन नाही. काळ्याचा उजवा डोळा आज किंचित किलकिला झाला, पुन्हा मिटला. सांगायला कोणी नाही.
घर फार मोठं वाटतंय.

१९ डिसेंबर
संध्याकाळी फोन आला.
"पोरीचा डोळा उघडला. तुमी सांगतलं तसंच केलं." मग थांबून, "काळं हाय का?"
"हाय. उजवा उघडून रायला. डावा नाई."
"मी उद्या दोन दिवसासाठी येऊन रायली. पाणी उकळून ठेवजा. सकाळी तुमी पुसू नका, मी पुसते."

२० डिसेंबर, रविवार
पाणी उकळून झाकून ठेवलं आहे. कापसाचे बोळे ताटलीत. ओसरी दोनदा झाडली. ढोली अंगणात उन्हात आडवी टाकली आहे, बघेल तर बघू दे.
काळं तळहातावर. उजवा डोळा उघडा, त्यात ऊन. डावा अजून बंद, पण सूज उतरल्यासारखी वाटते. मला तसं वाटावं म्हणूनही वाटत असेल.
रस्त्यावर गाडी थांबली. काळ्याने मान वळवली, डाव्या अंगाला. फाटकातून सु. येते आहे, हातातली थैली छातीशी धरून, सासूबाई धरायच्या तशी.
जवळ आली. थैली खाली ठेवलीच नाही. एक हात काळ्याकडे पुढे केला.
"द्या," म्हणाली.