साफ करताना सुटली

७ सप्टेंबर २०२५, रविवार

सफाईचा तास पुन्हा वाढवला! आधी एक होता, उन्हाळ्यात दोन झाले, आता तीन. पिस्तूल शिकायला येणाऱ्या नव्या माणसाला नेम धरायला मिळतो अर्धा तास अन् चिंधी-तेल-सळई तीन तास. कमिटीचं म्हणणं — नाना सफाई करताना गेले, तर सफाईच नीट शिकवा. ठीक आहे बापा. पोलिसात जन्म गेला, हुकूम ऐकायची सवय आहे.

नाना माझा जुना दोस्त, अन् त्याच्याच नेमबाजीच्या क्लबात त्याच्याच मरणाचा धडा शिकवतो आहे मी. मे महिन्यात घरीच स्वतःच्या पिस्तुलाची गोळी लागली. ‘साफ करताना सुटली.’ सगळे तेच म्हणतात. पेपरात तेच आलं. मीही तेच म्हणतो.

या खेपेला परवान्यासाठी अर्ज करणारे दुकानदार जास्त. कारंजा घाडग्याचा धर्मेंद्र आहे एक, हायवेवर खता-बियाण्याचं दुकान, मागच्या हिवाळ्यात शटर तोडलं चोरांनी. तोंडानं भल्ला चालू! दुसऱ्याच तासाला म्हणे, “उस्ताद, चोर आला त मी त्याच्यासमोर चिंधीनं पुसत बसू का?” सगळे हसले. मीही हसायला पाहिजे होतं. दम नव्हता.

८ सप्टेंबर

भूक नाही. दुपारी कपाट उघडून पिस्तूल पुसलं. ठेवून दिलं.

१० सप्टेंबर, संकष्टी

सुमित्रा शेजारच्या बायांसोबत केळझरला गेली गणपतीला. जाताना ताट झाकून ठेवलं. आल्यावर ते तसंच. “काऊन नाई जेवले?” म्हटलं, जेवतो. “कवा? चंद्र पाहून? उपास माहा हाय, तुमचा नाई.”

माळ्यावरून जुनी पेटी काढली. होल्स्टर, पट्टा, शिट्टी, मैदानावरची टोपी — सगळं पिशवीत भरलं. क्लबाला देऊन टाकतो. नव्या पोट्ट्यांना कामी येईल. मला कायले पाहिजे आता?

१४ सप्टेंबर, रविवार

पिशवी दिली. वेदश्रीने घेतली, उघडून पाहिली. नानाची मुलगी ही. शाळेत शिकवते, बाप गेल्यावर क्लबाचं चिटणीसपण तिच्याच गळ्यात पडलं. म्हणाली, “काका, हे सगळं एकाएकी काऊन देता?” म्हटलं, जागा अडते. तिने पिशवी कपाटात ठेवली नाही, टेबलावरच ठेवली.

वर्ग सुटल्यावर मला थांबवलं. तिला अभ्यासक्रमात एक पान घालायचं आहे. सफाईचे वाढीव दोन तास काढा म्हणते, त्या जागी हे पान, अन् त्या तासाला प्रत्येकाने घरातलं एक माणूस सोबत आणायचं. बायको, भाऊ, मुलगी, कोणीही. मी उखडलोच! म्हटलं, पोरी, हा पिस्तुलाचा वर्ग आहे, बारसं नाही. मी हत्यार शिकवतो. लोकांची मनं नाही शिकवत.

“हत्यार मनानंच चालते ना, काका?”

असं बोलत होती अन् हुबेहूब नाना! मी गाडीला किक मारली अन् घरी आलो. पान तिने फोनवर पाठवलं आहे. उघडलं नाही.

१५ सप्टेंबर

दुपारी पिस्तूल पुसलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

मोतीबिंदू पिकायचा आहे म्हणे, तोवर फोनवरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. वेदश्रीचे दोन फोन येऊन गेले, वाचलं का, वाचलं का. शेवटी सुमित्राला म्हटलं, वाच एकदाचं, म्हणजे नाही म्हणायला मोकळा होतो.

ती शेंगा सोलत होती. हात पुसून वाचायला लागली. शाळकरी पोरीसारखी वाचते, बोट ठेवून. वाचलं ते असं —

‘घरातलं माणूस एकाएकी गप्प झालं, जेवण कमी झालं, झोप गेली, आपल्या वस्तू वाटून देऊ लागलं, कारण नसताना हत्यार हाताळू लागलं — तर आधी हत्यार घराबाहेर काढा. ठाण्यात रीतसर जमा करा. पुढे परत मिळतं. माणूस परत मिळत नाही. मग त्याला सरळ विचारा. जेवलास का? झोपलास का? मरायचं मनात येतं का? विचारल्यानं ते कोणाच्या मनात भरत नाही. विचारलं तर बोलायला जागा होते. अन् डॉक्टरकडे न्या, एकटं पाठवू नका.’

मध्येच थांबली होती एकदा. कुठे थांबली ते माझ्या ध्यानात आलं. मी भिंतीकडे पाहत होतो.

“संपलं,” म्हणाली. मग शेंगा सोलत बसली. मी म्हटलं, पोरीचं डोकं फिरलं आहे, बापाच्या दुःखानं. ही बाई काही बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो!

२१ सप्टेंबर, रविवार

अमावस्या. वर्ग नाही. बरं झालं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. ‘दुसरा डोळा’ हा नियम नानाने काढला. सफाईच्या टेबलावर पिस्तूल ठेवायच्या आधी दुसऱ्या माणसाला चेंबरमध्ये, गोळी बसते तिथे, पाहायला लावायचं, त्याने मोठ्यानं ‘पाहिलं’ म्हणायचं, मगच चिंधीला हात. स्वतःच्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. कलेक्टर येवो की कमिश्नर, नानाने कोणाला सोडलं नाही. घरीसुद्धा ओरडायचा, “वेदू, डोळा!” अन् ती पोळ्या लाटायच्या सोडून पिठाच्या हातानं यायची. लहान होती तेव्हापासून.

असा माणूस भरलेलं पिस्तूल साफ करायला घेईल? मला काय दूधखुळा समजता?

पण नानाच्या बायकोनं, प्रमोदिनी वहिनींनी, तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं, साफ करताना सुटली. त्या माउलीच्या तोंडावर कोण काय बोलणार? गप्प बसलो. अन् आता त्या खोट्याचे तीन तास दर रविवारी मीच शिकवतो. थकलो. खरंच थकलो.

२२ सप्टेंबर

घट बसले. पिस्तूल पुसलं. सुमित्रा दारात उभी होती, मी पाहिलं तशी आत गेली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सफाईचा तास. मॅगझिन काढा, स्लाइड मागे, चेंबर पाहा, बोट घालून चाचपा, शेजाऱ्याला दाखवा. “पाहिलं.” “पाहिलं.” “पाहिलं.” रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं चाललं होतं. धर्मेंद्रला आता बरं जमतं. चिंधी खाली ठेवून म्हणाला, “उस्ताद, राग नका मानू. हा दुसऱ्या डोळ्याचा नियम नानाचाच ना?”

म्हटलं, हो.

“मंग त्याईच्याच हातून साफ करता करता सुटली कशी?”

मी म्हटलं, होते चूक माणसाकडून.

“तुमच्याकडून होईन का?”

कारंज्याचा हा बडबड्या, ज्याला मी टवाळ समजत होतो, त्यानं सरळ मर्मावर बोट ठेवलं. अन् तो हसत नव्हता.

मागच्या खुर्चीवर वेदश्री हजेरी लिहीत होती. उठली.

“साफ नव्हते करत बाबा,” म्हणाली. “साफ करायचं असतं त मले हाक मारली असती. मी घरातच होती.”

वरचा पंखा तेवढा खडखडत होता, मेला तेल मागतो आहे कधीचा. ती पुढे आली. “आईसाठी म्हून मीही तेच सांगत राह्यली, साफ करताना सुटली. काल आईच म्हणाली — बस झालं, वेदू. तुझ्या बापाले सफाई येत नव्हती असं लोकायनं शिकावं का? जा, सांग खरं.”

मग फोन माझ्यापुढे केला. “काका, पान तुम्ही वाचता?”

म्हटलं, अक्षरं दिसत नाहीत.

बहाणा केला. ऐकून पाठ झालं आहे सगळं. तिनेच वाचलं. कुठेच थांबली नाही पोरगी. नानाला पाहायला पाहिजे होतं.

संपल्यावर धर्मेंद्र बाहेर गेला, गाडीपाशी उभा राहिला. मी गेलो मागे. म्हणाला, “बाप हाय ना माह्या घरी. माय गेल्यापासून बोलतच नाई कोणाशी. दुकानातल्या फवारणीच्या औषधायची खोली कुलूपबंद ठेवून राह्यलो मी, कायले ते स्वतःले बी सांगत नव्हतो. अन् त्या घरात मी पिस्तूल नेऊन राह्यलो होतो, उस्ताद!”

अर्ज मागे घेतो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन सुमित्राला सगळं सांगितलं, एका दमात. तिने विचारलं, “मंग पान तुम्ही काऊन नाई वाचलं?”

जेवलो नाही.

३० सप्टेंबर

काहीच नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

दसरा अन् गांधी जयंती एकाच दिवशी आले, अन् तेही वर्ध्यात! सकाळी एक फेरी चरख्याच्या झाकीची गेली, मागून शस्त्रपूजनाचा बँड. नाना असता तर दिवसभर हसला असता.

मी आंघोळ केली, पाटावर लाल कापड अंथरलं. दर वर्षी विळी, कोयता, शिवणाची कात्री अन् मधोमध पिस्तूल मांडतो. मान पिस्तुलाचा. कपाट उघडलं. डबा काढला.

डबा रिकामा.

सुमित्राला हाक मारली, हाक कसली, ओरडलोच! ती झेंडूचा हार ओवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “तुरीच्या डाळीच्या डब्यात हाय. गोळ्या तांदळात.”

“कोणाच्या हुकमानं?”

“तुमच्याच वर्गातल्या पानाच्या.”

चाळीस वर्षं हत्यारखान्यात काढलेल्या माणसाचं हत्यार डाळीत! काय वाटेल ते बोललो. अडाणी म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. सणाच्या दिवशी. ती ऐकत राहिली. सुई हारात खोचून ठेवली. मग उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पोळ्याच्या आधीपासून पुसून राह्यले तुम्ही ते. दुपारची मी लवंडली की कपाट वाजते, मले का आयकू येत नाई? रोज पुसता. एकदा तरी मले आवाज देला का तुम्ही — सुमित्रा, डोळा?”

मी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

“नानाभाऊजी वेदूले आवाज देत. एक दिवस नाई देला. तुम्ही त मले एकदाबी नाई देला.”

अन् रडायला लागली. लग्न झाल्यापासून इतकी रडताना मी तिला दोनदा-तीनदा पाहिलं असेल. हारातले झेंडू खाली पडत होते. मी ते गोळा करत बसलो, दुसरं काय करावं समजेना.

पाटावर विळी, कोयता, कात्री मांडली. पूजा झाली. मधली जागा रिकामी राहिली. तिने तिथे आपट्याचं पान ठेवलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

दोघं ठाण्यात गेलो. पिस्तूल जमा केलं. जायच्या आधी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली अन् तिच्यासमोर धरलं. तिने चष्मा लावून वाकून पाहिलं. “पायलं,” म्हणाली. मोठ्यानं.

५ ऑक्टोबर, रविवार

सफाईचा एकच तास घेतला. मग नवं पान मी वाचलं, न पाहता. सुमित्रा घरचं माणूस म्हणून मागे बसली होती, वेदश्रीच्या बाजूला. एकाने विचारलं, असं खरंच कोणाच्या मनात येते का, उस्ताद? नानाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, माझ्या मनात येत होतं. नाना गेल्यापासून. पिस्तूल काल जमा केलं, उद्या डॉक्टरकडे जायचं आहे, ही सोबत येणार आहे.

धर्मेंद्र बापाला घेऊन आला होता. बुढा वर्गभर एक शब्द बोलला नाही. निघताना माझ्यापाशी थांबला अन् म्हणाला, “जेवले का, मास्तर?”

म्हटलं, नाही अजून. चला, सोबतच जेवू.