माझ्या नावावर छापलेल्या वाक्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, शिक्षण पाचवी, जुन्या वीजघरातला बॉयलर अटेंडंट, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही, काही पाजलेले नाही. हे पान एक. एकूण पाने सात आहेत. आठवे पान कोणी दाखवले तर ते माझे नाही असे समजावे. ज्या पानावर जागा उरली तिथे मी रेघ मारली आहे, म्हणजे मागून कोणाला काही घुसवता येणार नाही. ही खबरदारी का घेतली ते पुढे कळेल.

वारस दोन. थोरली लेक, जी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे आणि माझ्याजवळ राहते. धाकटा मुलगा, जो या भागाचा आमदार आहे आणि माझ्याजवळ राहत नाही. बायको सहा वर्षांपूर्वी गेली.

कलम एक. वसाहतीतले हे घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, संपूर्ण लेकीला. मागच्या खोलीचे दार पावसात फुगते, ते तासून घ्यावे. मीटर स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. दर महिन्याला स्वतः आकडा बघावा. बिलावर विश्वास ठेवू नये. गॅसचे बटण खालून बंद करावे, वरून केल्यासारखे वाटते पण होत नाही. मी असेपर्यंत रोज तीनदा बघतो. मी नसताना कोण बघणार याचा घोर आहे.

कलम दोन. बँकेत आहे ते लेकीला. त्यावर मुलाने हक्क सांगू नये. त्याला पगार आहे, भत्ते आहेत, गाडी आहे, आणि मतदारांना पत्र पाठवायला सरकारी टपाल आहे.

कलम तीन त्या पत्राबद्दल आहे. हे लांबेल. वकीलसाहेब म्हणाले, "काका, मृत्युपत्रात एवढा इतिहास लागत नाही." मी म्हणालो, "तुम्हाला लागत नसेल." त्यांनी पेन खाली ठेवले आणि चहा मागवला.

माझा मुलगा दर अधिवेशन संपले की घरोघर पत्र पाठवतो. चार पाने, गुळगुळीत कागद, वर त्याचा हात जोडलेला फोटो. अर्थसंकल्पात आपल्या भागाला काय मिळाले, विजेच्या धोरणात काय ठरले, कुठल्या विधेयकावर तो काय बोलला. मलाही येते. पाकिटावर "प्रिय मतदार" असते. पहिल्यांदा आले तेव्हा मी लेकीला म्हणालो, "बघ, बापाला पत्र लिहिलंय." ती म्हणाली, "बाबा, पन्नास हजार लोकांना लिहिलंय." तरी मी ते जपून ठेवले होते.

गेल्या वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशन संपल्यावर जे पत्र आले, त्याच्या तिसऱ्या पानावर असे होते: जुने कोळशाचे वीजघर बंद करण्याचा निर्णय झाला आहे, कामगारांसाठी पुनर्वसन निधी ठेवला आहे. आणि खाली, मी शब्दाला शब्द उतरवतो: "माझे वडील चाळीस वर्षे त्या बॉयलरशी झुंजले. एक दिवस तेच मला म्हणाले, 'बंद करून टाक ते धुराडे. माणसे आधी, वीज मागून.' वडिलांचा तो शब्द मी आज पाळला."

हे पत्र सोमवारी आले. वीजघराच्या फाटकावर नोटीस बुधवारी लागली. चारशे बारा माणसे घरी बसली. त्यातली निम्मी याच वसाहतीत राहतात. दोन्ही कागद एकाच आठवड्यात सगळ्यांनी वाचले.

शुक्रवारी सकाळी माझ्या दारावर पत्राचे ते पान चिकटवलेले होते, "माणसे आधी" खाली तांबड्या पेन्सिलीची रेघ. मी ते नखाने खरवडले. डिंकाचा डाग अजून आहे. चहाच्या टपरीवर गेलो तर बाकावरची माणसे उठली. एक जण म्हणाला, "बसा बसा, सल्लागारसाहेब. चहा आधी, पैसे मागून." सगळे हसले. मी पैसे आधी दिले, चहा तसाच ठेवून आलो. तेव्हापासून टपरीवर गेलेलो नाही.

लोक हसले त्याचे एवढे नाही. ठोक्या हसला नाही, त्याचे आहे. ठोक्या म्हणजे आमचा फिटर. बॉयलरच्या नळ्यांवर हातोडीने ठोके मारून, कान लावून, कुठली नळी जाणार ते सांगायचा म्हणून हे नाव. सव्वीस वर्षे आम्ही एका पाळीत होतो. एकदा वाफेची नळी फुटली तेव्हा त्याने मला कॉलरला धरून ओढले, म्हणून मी हे मृत्युपत्र वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी लिहितो आहे, बेचाळिसाव्या नाही. त्याची दोन्ही मुले वीजघरात होती. थोरला आता दूरच्या शहरात गोदामाची राखण करतो, धाकटा घरी असतो. ठोक्या टपरीवर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "तुम्ही मोठी माणसं." सव्वीस वर्षांत त्याने मला कधी "तुम्ही" म्हटले नव्हते.

मी मुलाला फोन केला. तीनदा त्याच्या सचिवाने घेतला. चौथ्यांदा तो स्वतः बोलला.

"अरे, ते वाक्य काढ. माझ्या नावावर कशाला घातलंस?"

"बाबा, लोकांना आवडलंय ते. खूप फोन आले."

"इथे ये आणि बघ कोणाला आवडलंय."

"पुढच्या अधिवेशनाच्या पत्रात बघू. खुलासा टाकू छोटासा."

त्यानंतर तीन अधिवेशने झाली. पावसाळी, हिवाळी आणि आता पुन्हा अर्थसंकल्पी. पावसाळी पत्रात रस्ते होते. हिवाळी पत्रात वीजदर स्थिर ठेवल्याचे होते, आणि त्याच महिन्यात माझे बिल वाढले, दर तोच आणि आकार नवा. गेल्या आठवड्यात तिसरे आले. त्यात वीजघराच्या जागेवर सौरऊर्जेचा प्रकल्प येणार आहे असे आहे, पंधरा माणसांना काम. पुनर्वसन निधीपुढे "अखर्चित" असे लिहिले आहे. मी लेकीला विचारले, "अखर्चित म्हणजे काय गं?"

ती म्हणाली, "म्हणजे ठेवले होते, दिले नाहीत."

आणि खुलासा? शेवटच्या पानावर माझा फोटो आहे. चौकट आहे. चौकटीत तेच वाक्य आहे, आता जाड अक्षरात.

म्हणून हे मृत्युपत्र. मी जिवंत असताना माझे ऐकले जात नाही. मेलेल्याचा कागद तरी वाचावा लागतो.

कलम चार. माझे कोळशाचे फावडे. मुलाने दोनदा माणूस पाठवून ते मागितले आहे. कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवायचे आहे म्हणे, खाली पितळी पट्टी. फावडे त्याला मिळेल. अट अशी की माझ्या मृत्यूनंतर जे पहिले अधिवेशन संपेल, त्याच्या पत्रात कलम पाचमधला मजकूर, एक अक्षर न बदलता, पहिल्या पानावर, फोटोच्या वर छापावा. खाली नाही. छापला नाही तर लेकीने फावडे भंगारवाल्याला द्यावे आणि येईल त्या पैशांत मागच्या खोलीचे दार तासून घ्यावे. वकीलसाहेब म्हणतात अशी अट टिकेल की नाही सांगता येत नाही. मी म्हणालो, मी लिहिणार. तसेच मी गेल्यावर मुलाने माझ्याबद्दल भाषण करू नये. करायचेच असेल तर कलम पाच वाचून खाली बसावे.

कलम पाच. या कलमाचा पहिला खर्डा मी असा केला होता: "मी असे कधीही म्हणालो नाही." एवढेच. काल संध्याकाळी लेकीला वाचायला दिला. तिने वाचला आणि कागद हातातच ठेवला.

"बाबा, हे असं नका लिहू."

"का?"

"तुम्ही म्हणाला होता. मी तिथेच होते."

मी तिच्यावर ओरडलो. तू भावाची बाजू घेतेस म्हणालो. घर त्याच्याच नावावर करतो म्हणालो. ती म्हणाली, "करा. पण खोटं लिहू नका. मेल्यावर तुम्हाला खोडता येणार नाही." मग ती भांडी घासायला गेली. मला झोप लागली नाही. सकाळी तो कागद फाडला. फाडल्याची नोंद इथे करतो, नाहीतर कोणी तुकडे जोडून दाखवील.

खरे ते असे. बायकोला दवाखान्यात ठेवले होते. नाकात नळी होती. ती कधी वीजघरात गेली नाही. चाळीस वर्षे तिने फक्त माझे कोळशाच्या धुळीचे कपडे झटकले आणि धुतले. त्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. माझ्याच छातीचा असावा तसा होता, आणि मी धडधाकट उभा होतो. मुलगा तेव्हा नुकताच निवडून आला होता, पायथ्याशी बसला होता. मला काय सुचले कोण जाणे, मी त्याच्यावर खेकसलो, "आता आमदार झालास ना? बंद करून टाक ते धुराडं. आग लागो त्याला."

म्हणजे वाक्याचा पहिला भाग माझा आहे. दुसरा, माणसे आधी वगैरे, मी म्हणालो नाही. तसे मला बोलता येत नाही. तो सचिवाचा असावा.

पण माझ्या बोलण्यानंतर ती बोलली होती. तिला एका दमात चार शब्दांपेक्षा जास्त जमत नव्हते. तिने नळी बाजूला केली, लेक "आई, नको" म्हणत होती तरी केली, आणि मुलाकडे बघून विचारले, "आणि लोकांनी खायचं काय?" नर्सने येऊन नळी नीट लावली. बायकोने पुन्हा विचारले नाही. अकराव्या दिवशी ती गेली.

मुलाने माझे रागातले वाक्य घरोघर पोचवले. आईचा प्रश्न त्याने ऐकला होता. तो छापला नाही. मीही वर्षभर तो कोणाला सांगितला नाही. सांगायचा तर आधी स्वतःचे बोललेले कबूल करावे लागले असते. तेव्हा या बाबतीत आम्ही बापलेक सारखेच.

छापायचा मजकूर: "वीजघर बंद करा असे माझे वडील आईच्या खाटेजवळ रागाने म्हणाले होते. त्यावर माझ्या आईने विचारले होते, आणि लोकांनी खायचे काय? मी तिला उत्तर दिले नाही. अजून दिलेले नाही." खाली मुलाची सही. सचिवाची नाही.

कलम सहा. माझी हत्यारे: नट आवळायचे दोन पाने, एक सांडस, नळ्या ठोकायची हातोडी. ही ठोक्याला द्यायची होती. पण मला डॉक्टरांच्या जोडीला साक्षीदार म्हणूनही तोच हवा. वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला सही करू नये, उद्या वाद होतो. दोन्हीतलं एक ठरवा." मला ठरवता येईना. आज सकाळी सहा पाने पिशवीत घालून त्याच्या घरी गेलो. वर्षात पहिल्यांदा. दार त्याच्या बायकोने उघडले आणि ती बाजूला झाली.

त्याने सगळे वाचले. चष्मा लावून, बोट ठेवून. कलम पाचवर बोट बराच वेळ थांबले. मी म्हणालो, "हत्यारं घेतोस की सही करतोस?"

तो म्हणाला, "हत्यारं तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे आता आवळायला काय उरलंय?"

"मग सही?"

"डॉक्टर कधी येणार आहेत?"

"चारला."

"चारला येतो. चहा ठेवू नका."

म्हणून हत्यारे लेकीला. तिला ती वापरता येत नाहीत, पण विकू नयेत.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास रद्द. सातही पानांवर सह्या केल्या आहेत, हात कापतो म्हणून अक्षर सगळीकडे सारखे नाही, पण सही माझीच आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिवस: अर्थसंकल्पी अधिवेशन संपल्यापासून नववा, मंगळवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटे.

(सही) मृत्युपत्र करणारा

(सही) साक्षीदार पहिला, वसाहतीच्या दवाखान्याचे डॉक्टर. गृहस्थ पूर्ण शुद्धीवर आहेत. काळजी फार करतात, पण त्यावर माझ्याकडे औषध नाही.

(सही) साक्षीदार दुसरा, फिटर, बॉयलर क्रमांक दोन. यांनी माझ्यासमोर सही केली. वहिनी काय म्हणाल्या ते मला आज कळले. वहिनींचे पटले. यांचे अजून नाही.