बंद टाकीत वेल्डिंग केल्याची नोंद सोमवारी होणेबाबत

दिनांक: ११ सप्टेंबर २०१९

प्रति,
मा. मुख्य कामगार निरीक्षक,
कामगार निरीक्षण कार्यालय,
तुझकोल जिल्हा.

अर्जदार: कुनसुलू झानाबेर्गेन, वय ४७, काम: टाक्या दुरुस्ती कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाक, राहणार जुनी मच्छीमार वस्ती, तुझकोल.

विषय: अर्जदाराचे पती एसेंगेल्दी हे 'मोकळ्या आवारात' नव्हे तर बंद टाकीत वेल्डिंग करतात, याची नोंद होणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज. २) त्यावर आलेले आपल्या कार्यालयाचे उत्तर, 'टाकीमध्ये कोणीही आढळून आले नाही.'

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे कळवते की, हा अर्ज पगारवाढीसाठी नाही. पगाराचा उल्लेख मात्र टाळता येणार नाही. वेल्डर कोणत्या कामाचे किती घेतो यावरूनच तो कुठे उभा राहून काम करतो हे कागदावर ठरते, आणि त्याला कोणता आजार होऊ शकतो हेही त्यावरूनच ठरते, असे अर्जदाराच्या अनुभवास आले आहे.

२. लग्न झाले तेव्हा अर्जदाराचे पती बाजारामागच्या गल्लीत लोखंडी फाटके बनवीत. फाटकावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी उतरवावी तर त्यांनीच, असे लोक म्हणत. त्या कामाला बांधील दर नसतो. गिऱ्हाईक तासभर घासाघीस करते, शेवटी मान्य करते आणि वर घोडीच्या दुधाची बाटली ठेवून जाते. हिवाळ्यात कोणी फिरकत नाही. पुढे ते माळावरून तेल वाहून नेणाऱ्या मोठ्या नळाच्या कामावर गेले. पंधरा दिवस माळावर, पंधरा दिवस घरी. तिथे वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढतात. सांधा पास झाला की फाटकांच्या चौपट कमाई, नापास झाला की सांधा कापून टाकतात आणि सोबत माणसालाही घरी धाडतात. पतीचे सांधे पास होत. त्या वर्षांत अर्जदाराच्या घरावर पत्रे आले, थोरल्या मुलीचे लग्न थाटात झाले. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांना उचलून बसवणे अर्जदाराच्या एकटीच्या ताकदीबाहेरचे होते. म्हणून पतीने नळावरचे काम सोडले आणि रोज घरी परतता येईल असे काम धरले. ते काम म्हणजे सदर कारखाना. सासूबाई वारल्या, त्याला चार हिवाळे झाले.

३. कारखान्याच्या दारात वेल्डिंगच्या दरांचा फलक रंगवलेला आहे. आवारातले काम, म्हणजे जिने, कठडे, टेकू: महिना अडीच लाख तेंगे. उंचीवरचे काम त्याहून वर, नळाचे त्याहून वर. सर्वांत वर बंद टाकीतले काम, सुमारे सहा लाख, त्याशिवाय विषारी धुरावर उतारा म्हणून रोजचे दूध, जादा रजा आणि लवकर निवृत्ती. पतीला टाकीसाठी म्हणून घेतले आणि ते पहिल्या दिवसापासून टाकीत उतरले. पगार आला आवारातला. त्यांनी मुकादम सागिंदिक यांना विचारले. सागिंदिक यांचा खुलासा अर्जदार जसाच्या तसा देते: "अरे एसेन, झाकण बसेपर्यंत ती बंद टाकी कशी होईल? झाकण नाही म्हणजे मोकळं आवार. आत बसून तुला आभाळ दिसतं का नाही, सांग."

पती म्हणाले, "दिसतं. बशीएवढं."

"मग? आभाळ दिसणाऱ्या जागेचे जादा पैसे मागतोस, लाज नाही वाटत?"

झाकण बसते ते काम संपल्यावर, वेल्डर बाहेर निघाल्यावर. सबब कागदोपत्री सदर कारखान्यात आजवर एकाही माणसाने बंद टाकीत काम केलेले नाही. फलकावरची ती ओळ मात्र दर वसंतात नव्याने रंगवली जाते.

४. उपाहारगृहात दुधाचे वाटप अर्जदाराकडे आहे. रंगकाम करणाऱ्या बायकांना दूध आहे, बॅटरीवाल्यांना आहे, भट्टीवाल्यांना आहे. पतीचे नाव यादीत नाही. जेवणाच्या सुट्टीत ते काळे थुंकीत तिच्यासमोर येऊन उभे राहतात आणि तिच्या हातात दुधाचा डाव असतो. एके दिवशी अर्जदाराने त्यांना मगभर दूध दिले. त्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली, ती सोबत जोडली आहे. ताकिदीत 'अपात्र इसमास दूध पाजले' असे शब्द आहेत. तो इसम कोण, याचा उल्लेख नाही.

५. गेल्या वर्षापासून पतीचे हात थरथरतात. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला चहा थोडा-थोडा ओततात, म्हणून अर्जदार त्यांच्या वाडग्यात दोन घोटच घालते. शेजारीण म्हणाली, "एवढ्या वर्षांनी नवऱ्याचा काय मान ठेवतेस गं!" अर्जदार हसली. खरे कारण तिने सांगितले नाही. जिल्हा दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी पतीला बोट नाकाला लावायला सांगितले, सरळ रेषेत चालायला लावले, आणि म्हणाल्या, "हे वेल्डरांचंच दुखणं आहे. कोंडलेल्या धुरानं होतं." मग त्यांनी कारखान्याचा कागद पाहिला. "पण इथं मोकळं आवार लिहिलंय. मोकळ्या हवेत हे होत नाही." पतीने विचारले, "म्हणजे मला झालेलं नाही?" "झालंय हो काका. पण मला लिहिता येत नाही." त्यांनी मज्जातंतूंच्या गोळ्या आणि विश्रांती लिहून दिली. हलक्या कामासाठी लागणारा दाखला त्या देऊ शकल्या नाहीत.

६. आपण म्हणाल की, पतीने दुसरीकडे जावे. नळावर घेताना आधी नमुन्याचा सांधा करून दाखवावा लागतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते गेले होते. सांधा कोणी एक्स-रेला नेलाच नाही, नुसता डोळ्यांनी पाहिला आणि परत दिला. फाटकांचे म्हणाल तर जावईबुवांसाठी त्यांनी एक करून पाहिले. शिंगाची नक्षी अशी आली की, जावई म्हणाला, "छान झालंय, बाबा," आणि ते घराच्या मागच्या बाजूला बसवले. टाकीत मात्र पतीचा हात अजून चालतो. कारण तिथे जागाच नाही. पाठ एका पत्र्याला, गुडघे दुसऱ्याला, कोपरे दोन्हीकडे टेकवून ते स्वतःला पाचरीसारखे ठोकून बसवतात. मग हात हलायला वावच उरत नाही आणि सांधा सरळ येतो. ज्या जागेने त्यांचे हात घालवले, त्या एकाच जागेत ते हात आता काम करतात. अर्जदाराला हे लिहिताना अतिशय यातना होत आहेत, परंतु वस्तुस्थिती हीच आहे.

७. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावरून आपले सहायक निरीक्षक पाहणीस आले होते. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, माणूस सभ्य आहे. परंतु पाहणीच्या दिवशी सुरक्षेसाठी सर्वांना टाक्यांतून बाहेर काढतात, असा कारखान्याचा नियम आहे. त्यामुळे टाक्या रिकाम्या होत्या आणि तसेच नमूद झाले. त्यांना आत उतरून धूर पाहायचा होता. त्यासाठी बंद टाकीत उतरण्याचा परवाना लागतो, आणि टाकी बंद नसल्याने तसा परवाना कारखाना देऊ शकत नाही, असे सागिंदिक यांनी त्यांना अदबीने समजावले. मग परवान्याशिवाय उतरतो, असे साहेब म्हणाले. त्यावर, तसे कसे, ती टाकी आहे, जिवाला धोका होईल, असेही सागिंदिक यांनी तितक्याच अदबीने समजावले.

८. अर्जदाराने पुन्हा तोंडी विनंती केल्यावरून गेल्या आठवड्यात मंगळवारी, दि. ३ रोजी, सहायक निरीक्षक दुसऱ्यांदा आले. सर्वांना बाहेर बोलावले. बाकीचे वेल्डर पाण्याच्या नळाखाली हात धुवायला आले, पती आले नाहीत. अर्जदार पाहुण्यांचा चहा घेऊन आवारात उभी होती. पतीचा कोट टाकीच्या शिडीला लटकलेला तिला दिसत होता. सागिंदिक टाकीच्या तोंडावर वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "एसेन, वर ये. पाहुणे आलेत."

आतून आवाज आला, "पाहुण्यांना खाली पाठव."

सागिंदिक सरळ झाले, हात झटकले आणि साहेबांना म्हणाले, "ही पण रिकामी." तेवढ्यात टाकीवर आतून हातोडी वाजली. साहेब थांबले. "हे काय?"

"लोखंड आहे साहेब, उन्हात तापलं की बोलतं."

हातोडी परत वाजली, जरा सावकाश. अर्जदार तबक हातात तसेच धरून म्हणाली, "साहेब, ते लोखंड नाही. ते माझे मालक आहेत."

आवारातले सगळे हसले. सागिंदिक सर्वांत मोठ्याने हसले. "वहिनींचा स्वभाव विनोदी आहे. उगाच नाही उपाहारगृहात गर्दी होत." साहेबही थोडे हसले, मग टाकीकडे वळून पाहू लागले. पण कारखान्याच्या संचालकांनी त्यांचा दंड धरला होता. ताटात मांस वाढलेले आहे, गार होते आहे, असे म्हणत ते त्यांना घेऊन गेले.

९. त्यानंतर सागिंदिक यांनी दोन माणसांकडून टाकीवर झाकण ठेववले आणि बोल्ट आवळवले. अर्जदार त्यांच्या अंगावर धावून गेली. ते म्हणाले, "ओरडू नका वहिनी. साहेब परत डोकवायला आले तर माझी नोकरी जाईल. पाहुणे जेवायला बसू देत, मी स्वतः काढतो. एसेनला काही होत नाही, तो मुरलेला आहे." सागिंदिक मुळात दुष्ट नाहीत. सासूबाईंच्या मयतीला कबर खणणाऱ्यांत ते सर्वांत पुढे होते, हे अर्जदार विसरलेली नाही. परंतु पाहुण्यांच्या जेवणात भाषणे झाली, भाषणांवर पेले उचलले गेले, सागिंदिक यांनाही आत बोलावले गेले, आणि टाकी उन्हातच राहिली. आतली हातोडी सुरुवातीला जोरात वाजत होती. मग मध्येच थांबे. मग ती वाजायची बंद झाली.

१०. अर्जदाराकडून पाना फिरेना. रंगकाम करणाऱ्या बायका धावत आल्या. तिघी-चौघींनी पान्याला लोंबकळून बोल्ट सोडवले आणि पतीला काखेत दोर घालून वर ओढले. ते शुद्धीवर होते. ओठ फुटले होते, अंग भाजल्यासारखे लाल झाले होते. त्यांना सावलीत टेकवून अर्जदार तोंडावर पाणी मारत होती, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लिहिलं का त्यांनी?"

अर्जदार तशीच ओल्या हातांनी जेवणाच्या खोलीत शिरली आणि साहेबांना म्हणाली, "चला, माणूस बघा." साहेब लगेच उठले. पतीपाशी आले, गुडघ्यावर बसले, स्वतःचा रुमाल भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवला. दवाखान्याची गाडी त्यांनीच बोलावली. आणि मग उठून खालच्या मानेने म्हणाले, "बाई, मी खोटं लिहू शकत नाही. मी यांना टाकीबाहेर पाहिलं. आत पाहिलं नाही. तुम्ही थोडा वेळ थांबला असतात तर..." म्हणजे इतके दिवस जो पुरावा आपले कार्यालय मागत होते, तो अर्जदाराने स्वतःच्या हातांनी बाहेर ओढून काढला.

११. रविवारी सागिंदिक घरी आले. घोड्याच्या मांसाचा चांगला तुकडा आणला, जाजमावर बसले, पतीचे दोन्ही हात हातात घेऊन रडले. निघताना एक कागद काढला. अर्जदाराने तक्रार मागे घ्यावी, म्हणजे पतीला सोमवार दि. १६ पासून परत कामावर घेता येईल. दोन टाक्या अर्धवट पडल्या आहेत, त्या तोंडातून आत जाणारा दुसरा माणूस मिळत नाही. प्रवर्ग तोच राहील, मोकळे आवार. अर्जदाराने कागद ढकलून दिला. पती म्हणाले, "मी येतो."

सही करून सोमवारी आणा, असे म्हणून सागिंदिक कागद तिथेच ठेवून गेल्यावर घरात पुष्कळ बोलाचाली झाली. अर्जदार म्हणाली, "त्यांनी तुम्हाला त्यात पुरलं होतं." पती म्हणाले, "मग मी काय करू सांग. फाटक मला जमत नाही. नळावर मला घेत नाहीत. घरी बसलो तर तू मला लहान पोरासारखं भरवशील. आत गेलो की निदान मी वेल्डर असतो." पतीने कामाचे बूट आताच घासून दारात ठेवले आहेत. बऱ्याच महिन्यांनी ते शीळ घालत आहेत.

१२. तरी महोदयांना विनंती की, येत्या सोमवारी आपण जातीने, न कळवता, सकाळच्या प्रहरी कारखान्यात यावे. आत उतरू नये. नुसते टाकीच्या तोंडावर वाकून पाहावे. वाकण्याला परवाना लागत नाही, हे अर्जदाराने आपल्याच कार्यालयात खिडकीवर विचारून घेतले आहे. आपण पाहिलेले लिहावे, म्हणजे डॉक्टरीणबाईंना दाखला देता येईल आणि पतीला त्यातून कायमचे बाहेर काढता येईल. पतीला वर बोलावू नये, ते येणार नाहीत. सागिंदिक यांनी पुन्हा झाकण ठेववले, तरी या खेपेस अर्जदार पान्याला हात लावणार नाही, आणि रंगकामाच्या बायकांनाही लावू देणार नाही, कारण मागच्या वेळी काय झाले ते तिने पाहिले आहे. ती टाकीशेजारी उभी राहील आणि आपण येऊन आत पाहीपर्यंत थांबेल. या वर्षी सप्टेंबरातही ऊन कडक आहे. महोदयांनी कृपा करून उशीर करू नये.

आपल्या वाटेकडे डोळे लावून असलेली,

(सही)
कुनसुलू झानाबेर्गेन

सोबत: दुधाबाबतच्या ताकिदीची प्रत. दवाखान्याची चिठ्ठी. तक्रार मागे घेण्याचा कागद, सही न केलेला.